टाकी लावायची राहिली

ॲम्स्टरडॅमची चार तिकिटं काढून झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर, गड सर करून आल्यासारखं, जाहीर केलं: येत्या शनिवारी पहाटे निघायचं, दिवसभर जुन्या डच पवनचक्क्या बघायच्या आणि रात्री झोपायला परत डब्लिनजवळच्या आमच्या ॲडम्सटाउनला. आई भात कालवत होती. बायकोनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण ते कौतुक जेमतेम अर्धा मिनिट टिकलं.

मुलगी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते, तेही इथल्या हेलात. फोनमधून मान वर न करता तिनं विचारलं, "पण आजीकडे तिकडचा व्हिसा आहे का?"

नव्हता. आईकडे आयर्लंडचा व्हिसा होता आणि त्यावर आयर्लंडच बघता येतं. युरोपातले बरेचसे देश एका व्हिसात उरकतात, आम्ही त्या पंगतीला नाही. हे काही गुपित नाही. मी स्वतः भारतीय पासपोर्टवर कितीतरी वर्षं या बेटावर बसून होतो, पॅरिसला जाऊन आलेल्यांचे फोटो बघत. मग इथला पासपोर्ट मिळाला, आणि ते सगळं मी इतकं साफ विसरलो की जन्मदात्या आईलाही त्याच पासपोर्टात धरून चाललो.

"ग्रँड," मुलगी म्हणाली. इथं ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. 'चालायचंच' याला इथं ग्रँड म्हणतात. कुणाचा पाय मोडला तरी ग्रँडच असतं.

हा सगळा उपद्व्याप खरं म्हणजे आईला थांबवण्यासाठी होता. ती साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि पाचव्या आठवड्यातच 'मला माघारी धाड' म्हणायला लागली होती. घरात ती कुठंच बसत नसे. आमच्या खिडकीतून स्टेशन दिसतं. गाडी आली की ती उठायची, गाडी गेली की बसायची. स्वयंपाकघरातली कपाटं, म्हणजे इथल्या भाषेत प्रेस, तिनं दोनदा रिकामी करून दोनदा लावली होती. का जायचंय म्हणून विचारलं की उत्तर एकच: "आरं, टाकी लावायची राहिली. मी हितं बसून काय करू?"

टाकी म्हटल्यावर मी कामाला लागलो. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यायच्या आत सोडवायचा, अशी सवय लागलेली. गावी फोन करून एका ओळखीच्या प्लंबरला गाठलं आणि आठ दिवसांत घराच्या स्लॅबवर हजार लिटरची काळी कुळकुळीत टाकी बसवून घेतली. ती दोरानं वर ओढतानाचा व्हिडिओसुद्धा मागवला. आईनं चष्मा लावून तो शेवटपर्यंत बघितला. "बरी हाय," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात घेऊन, खिडकीशी उभी राहून: "माझं तिकीट बघ बाबा. टाकी लावायची राहिली."

काल दाखवलेला व्हिडिओ आज आठवत नाही? मी गूगलवर विस्मरणाची लक्षणं वाचली. त्यातली निम्मी मला होती, पण ते मी मनावर घेतलं नाही. बायकोला म्हणालो, डॉक्टरांना दाखवूया का? ती म्हणाली, "आधी नीट विचार तरी त्यांना." मी म्हणालो, विचारलंय, टाकी म्हणतेय. शेवटी आईशी ठरलं ते असं: ही पवनचक्कीची सहल होऊ दे, तोवर गप्प राहा, आणि रविवारी संध्याकाळी सांग, राहतेस की जातेस. तिकिटाच्या एजंटला तेव्हाच कळवायचं होतं. माझा हिशोब साधा होता. एक चांगला दिवस गेला की ती रमेल. रमली नाही, तर डॉक्टर.

आईची गावात पिठाची गिरणी आहे. वडील गेल्यावर ती तिनंच चालवली, तीस वर्षं. आता गावातल्या एका पोराला चालवायला दिली आहे. माझं इंजिनिअरिंग त्या पिठावर झालं. पण शाळेत असल्यापासून मी गिरणीत पाऊल टाकायला लाजायचो, कारण केसांना पीठ लागायचं आणि वर्गातली पोरं मला आजोबा म्हणायची. त्यामुळे गिरणीतलं मला एवढंच ठाऊक होतं, की बटण कुठं आहे.

असं असून आईच्या बोलीचा अधिकृत दुभाषा मीच. बायको पुण्याची. लग्न ठरताना आई तिला बघून आली आणि म्हणाली, "पोरगी जरा भरड हाय, पण चालंल." बायकोच्या कानावर ते गेलं. "भरड म्हणजे?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "भरदार. घरंदाज. आमच्याकडे तसं म्हणतात." त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

ॲम्स्टरडॅमची तिकिटं बुडाली. डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात एक जुनी पवनचक्की आहे, आणि उन्हाळ्यात एखाद्या शनिवारी ती चालवतात असं कुणीतरी सांगितलं.

"ती डच आहे?" बायकोनं विचारलं.

"तशी डचच म्हणायची," मी म्हणालो.

आईनं हात झटकला. "पवनचक्क्या काय बघायच्या? आपल्या डोंगरावर रांगंनं उभ्या हायत. तिथं कुणी कुत्रं जात न्हाय बघायला."

"त्या विजेच्या, आई. ही दळते. वाऱ्यावर."

ती थांबली. "दळती? कशावर? दगडावर?"

"दगडावर."

"येती मग," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी ती गाडीत बसली तेव्हा तिच्या मांडीवर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता. रिकामा नव्हता. भारतीय दुकानातून तिनं आणवलेले खपली गहू त्यात निवडून भरले होते, काठोकाठ.

"हे काय?" मी विचारलं.

"दळण," ती म्हणाली. गिरणीत मोकळ्या हातानं कोण जातं, असा तिचा चेहरा.

बायको मागून म्हणाली, "अहो, तिथं बाहेरचं दळून देतात का?" एरवी ती मला अरे म्हणते. 'अहो' आईसमोर, आणि संकटात. इथं दोन्ही जमून आलं होतं.

"विचारू की," मी म्हणालो आणि एम-फिफ्टी या डब्लिनभोवतीच्या हमरस्त्यावर चुकीच्या बाजूला वळलो. मग मुलीनं फोनवर रस्ता बघून मला परत आणलं, दोनदा उसासा टाकून.

चक्की लांबूनच दिसली. टेकाडावर पांढरा, गोल, वर निमुळता होत गेलेला बुरूज, डोक्यावर लाकडी टोपी आणि तिला चार लांबच लांब पंखे. जवळ गेलो तर दाराशी लोकरीची टोपी घातलेला एक माणूस आभाळाकडे बघत उभा होता. हा इथला चक्कीवाला. निवृत्त शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी हौसेनं चक्की चालवणारा. तो म्हणाला, वारा आहे, पण झटके देतोय. अशा वाऱ्यात ब्रेक सोडला तर पंखे आवरत नाहीत. दहा मिनिटं बघू.

दहा मिनिटं दोन तासांवर गेली. वारा यायचा, पंख्यांवर गुंडाळलेलं कापड फडफडायचं, चक्कीवाला दोराला हात घालायचा, आणि वारा दुसरीकडूनच यायचा. मी चक्कीला चार प्रदक्षिणा घातल्या. गाडी नीट लावली आहे का ते तीनदा बघून आलो. चहा आणला, तो गार झाला, परत आणला. बायको गाडीत बसली, उतरली, परत बसली. मुलगी म्हणाली की हे इंटरनेटवर दोन मिनिटांत दिसलं असतं. समुद्रपक्षी डोक्यावर ओरडत होते आणि मला सारखं वाटत होतं, रविवार संध्याकाळ आत्ताच येऊन उभी राहतेय.

आई बाकावर बसली होती. मांडीवर डबा, नजर पंख्यांवर. इथं आल्यापासून पहिल्यांदाच ती एका जागी बसली होती. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला घड्याळ दिसत होतं.

वाट बघता बघता मी चक्कीवाल्याला, घरच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणालो, "डच पद्धतीची दिसते."

तो भला माणूस. विचार करून म्हणाला, "दगड फ्रान्सचे. लाकूड इथलं. बांधणारे इथले. डच म्हणाल तर काल एक डच जोडपं येऊन गेलं."

मुलगी पहिल्यांदाच मनापासून हसली. बायकोनं माझ्याकडे बघितलंच नाही, ते जास्त लागलं.

मग त्यानं सौजन्य म्हणून आईला आत नेलं आणि कोपऱ्यातलं लहान मुलांसाठी ठेवलेलं दगडी जातं दाखवलं. खुणेनं म्हणाला, तुम्हाला हे येत असेल, फिरवून बघा. आईनं त्या जात्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं.

"त्यास्नी सांग," ती नातीला म्हणाली, "जातं माझ्या सासूनं ओढलं. माझी दहा हॉर्सपावरची हाय."

नातीनं ते सांगितलं. चक्कीवाल्यानं टोपी काढली, आणि त्या क्षणापासून तो माझ्याशी बोलायचा जवळजवळ बंदच झाला.

बाराच्या पुढं वारा बसला. म्हणजे थांबला नाही, एका बाजूनं यायला लागला. त्यानं दोर सोडला, पंखे हलले, मग फिरले, आणि अख्खा बुरूज कण्हायला लागला. आम्ही खालच्या मजल्यावर उभे होतो. वरून लाकडी दातेरी चाकांचा खडखडाट, पायाखाली थरथर, आणि लाकडी नळीतून पोत्यात पीठ यायला लागलं. माझ्या नाकात तो वास गेला आणि मी नकळत केस झटकले.

आई पुढं झाली. नळीखाली हात धरला. पीठ अंगठ्यानं बोटावर चोळलं, कानाजवळ नेऊन पुन्हा चोळलं, मग मूठ बंद करून जरा वेळ तशीच ठेवली.

"भरड येतंय," ती म्हणाली. "आन तापतंय बी."

नातीनं लगेच भाषांतर केलं: आजी म्हणतेय, पीठ जाडंभरडं येतंय, आणि गरम.

बायकोनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. शांतपणे. मी नळीकडे बघत राहिलो. मला त्या नळीत एकाएकी फार रस निर्माण झाला.

"विचार त्यास्नी," आई मला म्हणाली, "टाकी कवा लावली?"

आता नातीनं तोंड उघडायच्या आत मी पुढं झालो. गेलेली पत सावरायची संधी होती. मी चक्कीवाल्याला इंग्रजीत विचारलं, माझी आई विचारतेय, तुम्ही पाण्याची टाकी कधी बसवलीत?

तो गोंधळला. पण अतिथी बाई गिरणीवाली, काहीतरी कारण असणार, असं त्याला वाटलं असावं. तो आम्हाला बाहेर घेऊन गेला, चक्कीच्या मागं, आणि पावसाचं पाणी साठवायचं हिरवं पिंप दाखवलं. म्हणाला, मागच्या उन्हाळ्यात.

"मागच्या उन्हाळ्यात, आई," मी म्हणालो.

आई पिंपाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "ह्ये काय?"

"टाकी."

तिनं पुढं होऊन पिंपात वाकून बघितलं, त्यावर बोटानं टकटक केलं. मग नातीचा हात धरला. "चल गं, तू चल. ह्याचं काय खरं न्हाय."

आत भिंतीला एक जुना, सुटा जात्याचा दगड टेकवून ठेवला होता, माझ्या छातीएवढा. त्यावर मध्यापासून कडेपर्यंत खोलगट रेघा कोरलेल्या. आईनं एका रेघेतून बोट फिरवलं. मग डाव्या हाताची मूठ दगडावर धरून उजव्या हातानं वर हातोडीसारखं मारून दाखवलं. ठक, ठक, ठक. "ह्या रेघा बुजत्यात. दगड गुळगुळीत होतो, मग दळत न्हाय, निस्ता घासतो. पीठ जळतं. म्हणून छिन्नीनं परत धार काढायची. टाकी लावायची."

नातीला कळलं. ती चक्कीवाल्याकडे वळून दोन वाक्यं बोलली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला माझ्या सगळ्या पदव्या परत कराव्याशा वाटल्या. तो म्हणाला, तीन वर्षं झाली, लावलेलीच नाही. ज्याला यायचं तो म्हातारा गेला. हत्यार आहे, पण हात लावायला भीती वाटते. दगड बिघडला तर परत मिळणार नाही. त्यानं वरच्या मजल्यावरून लाकडी दांड्याचं, दोन्हीकडे धार असलेलं हत्यार आणलं. आईनं ते हातात घेऊन वजन बघितलं, पदर खोचला, खाली बसली आणि त्या सुट्या दगडाच्या एका रेघेवर हलक्या हातानं ठोके घालायला लागली.

"मनगटातनं," ती म्हणाली. "खांद्यातनं मारलं की टवका उडतो. सांग त्यास्नी."

नातीनं सांगितलं. तो गुडघ्यावर बसून शिकला. मी आईची पर्स आणि डबा धरून उभा होतो.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ती हात धुवायला बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "आई, तू घरी म्हणत होतीस ती टाकी..."

"मग काय सांगत हुते मी?" पिंपाच्या नळाखाली ती हाताचं पीठ धूत होती. "गिरणीला टाकी लावायची राहिली. त्यो पोरगा तसाच गुळगुळीत दगडावर दळतोय. बाया खालच्या गावाला जायला लागल्यात दळाय. टाकीवाला पावसाच्या आधी एकदाच येतो. मी उभी असले तर नीट लावतो, न्हायतर वरवर ठोकून चहा पिऊन जातो."

"मग तो व्हिडिओ बघून काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं, पाण्याची बी लावतोय. चांगलं केलंस की." ती पदराला हात पुसायला लागली. "दोन बारीला सांगाय गेले. तू 'बघतो, बघतो' म्हणालास आन फोन कानाला लावलास."

मला एकदम हलकं वाटलं, ती काही विसरली नव्हती म्हणून. आणि मग तितकंच वाईट, कारण मी तिला डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो. मी पुढं काही बोलणार तेवढ्यात चक्कीवाला आला. आईच्या डब्याकडे बघून कानकोंडा झाला. म्हणाला, फार इच्छा आहे, पण बाहेरचं धान्य घ्यायचं नाही असा नियम आहे.

नातीनं ते आजीला समजावून सांगायला तिचं अर्धंमुर्धं मराठी पहिल्यांदा वापरलं: "आजी, तो नाही करू शकत. रूल आहे."

"त्यास्नी म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका," आई म्हणाली. "मी बी टाकणार नव्हते. ह्या दगडावर माझं दळण न्हाय टाकायची."

हे नातीनं चक्कीवाल्याला कसं सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण तो टेकाड उतरून गाडीपर्यंत आला, टोपी हातात घेऊन.

परतताना आई पुढं बसली आणि एम-फिफ्टी यायच्या आत झोपली, तोंड उघडं टाकून. तिच्या भुवईवर पीठ होतं. मुलगी मागून खिडकीतून बघत होती, मध्येच हवेत ठक ठक करून मनगट तपासत होती.

रविवारी संध्याकाळी आईनं मला काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एजंटला फोन लावला आणि तिचं तिकीट पुढच्या गुरुवारचं करून घेतलं. मग स्टेशनकडे बघत उभ्या असलेल्या तिला सांगितलं, "गुरुवारी. टाकीवाल्याला निरोप देऊन ठेव."

"त्याला कालच दिला," आई म्हणाली. गाडी आली, पण ती खिडकीशी थांबली नाही. भाजी निवडायला बसली.

मी स्वयंपाकघरात आलो. गव्हाचा डबा कुठं ठेवायचा म्हणून एकामागून एक प्रेस उघडत होतो. सगळं आईनं लावलेलं, त्यामुळे मला काहीच सापडत नव्हतं. बायको ओट्याशी होती. तिनं माझ्या हातातून डबा घेतला, बरोबर जागी ठेवला आणि दार लावलं.

"आईंना जाण्याआधी एक विचारायचंय," ती म्हणाली. "तू मध्ये पडू नकोस, मीच विचारते. एकोणीस वर्षं झाली. अजून भरडच आहे का?"